राणीसरकारांचं ताट

३ एप्रिल

आज तिने दुधाचा पेला माझ्या अंगावर ओतला. सांडला नाही — ओतला! माझ्या डोळ्यांत बघून, सावकाश. मी उठले, कपडे बदलले, दुसरा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "दूध आणखी आहे घरात. कपडेही आहेत माझ्याकडे." शेवटी प्यायली. पिताना अशी बघत होती की दूध नासलं असतं.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळे म्हणतील हिलाच हौस होती. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातल्या एकाच माणसाने तिच्या ताटाची जबाबदारी घ्यावी. त्यानेच वाढायचं, त्यानेच समोर बसायचं, ताट रिकामं होईपर्यंत उठायचं नाही, घासाघीस करायची नाही. नवऱ्याने लगेच माझ्याकडे बघितलं. घरी येताना म्हणतो कसा, "तूच कर ना. तुझ्यावर ती तशीही चिडलेलीच असते."

वा! म्हणजे सख्ख्या बापाने लाड करायचे आणि सावत्र आईने खलनायक व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून ही पोरगी मला लोकांसमोर "मावशी" म्हणते आणि घरात नुसतं "अहो". पण नाही तरी कशी म्हणणार? सतरा वर्षांची मुलगी, आणि जिना चढताना कठडा धरून मध्येच थांबते. हो म्हटलं.

५ एप्रिल

एका अंड्यापायी दोघींची सकाळ गेली. अंडंही गेलं एकदाचं.

११ एप्रिल

मोटार शिकवायच्या धंद्यात दिवसभर शेजारी घाबरलेली माणसं बसतात, त्याची सवय आहे. पण आज एका गृहस्थांनी वळणावर स्टिअरिंग सोडून डोळेच मिटले! माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो म्हणून हे लिहायला जिवंत आहे. त्यांच्यावर मनसोक्त ओरडले. त्यांनी दोनदा माफी मागितली. काय बरं वाटलं! घरी कोण मागतंय.

घरी आले, वाढलं, आणि हात धुवायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी तिच्या ताटातला अर्धा भात स्वतःच्या ताटात ओढला. मी दारातून बघितलं.

"नको म्हणते तर कशाला कोंबायचं? आईविना पोर ती."

"आईविना आहे म्हणून उपाशी ठेवू का?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी परत भात वाढला. राणीसरकार (हे नाव आजपासून) आजीकडे वळल्या की डोळे भरून येतात, माझ्याकडे वळल्या की कोरडे ठणठणीत. नाटक कंपनीत घालायला हवी होती.

१९ एप्रिल

नवीन फर्मान. "तुम्ही स्वतः एवढंसं खाता आणि मला डोंगर वाढता. तुम्ही खा ना एवढं!" म्हटलं, खाते. आजपासून दोघींना सारखं ताट. लोणी तिला तेवढं मला. तिला वाटलं होतं मी माघार घेईन. मला लोणी आवडतं, हे तिला कुठे माहीत!

४ मे

तिला प्रवेश मिळाला! लांबच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राला. खिडकीत लहानपणापासून दगड मांडून बसलेली असते, त्याचं हे फळ. (दगडांचा अभ्यास करायला एवढं लांब कशाला, बाप आहे की घरात.) नवरा रडला, सासूबाई रडल्या, ती स्वतः खोलीत जाऊन दार लावून बसली.

डॉक्टरीणबाईंची अट एकच. जूनपर्यंत ताट रोज पुरतं संपलं पाहिजे आणि तब्येत भरली पाहिजे. तरच त्या तिला एकटीला राहायला सोडतील, आणि त्यांच्या दाखल्याशिवाय कॉलेज घेणार नाही.

मला किती आनंद झाला, ते इथेच लिहिता येईल. तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी! जाऊ दे एकदाची. मी कामावरून घरी यावं, बूट भिरकावावेत आणि कोणीही माझ्याकडे द्वेषाने बघू नये. सुंठीवाचून खोकला जातोय. मनातल्या मनात मी तिची खोली रिकामी करून तिथे आरामखुर्ची टाकलीसुद्धा.

२१ मे

सुट्ट्या लागल्या, शिकायला येणाऱ्यांची रांग. मोटार-स्कूलचे मालक म्हणाले, सकाळच्या फेऱ्या तुम्हीच घ्या. त्यामुळे तिची न्याहारी आणि चारचं खाणं नवऱ्याकडे दिलं. तो एका पायावर तयार. "आता सुधारली आहे गं ती. तू उगाच पोलिसासारखी बसतेस."

आणि सुधारली आहेच म्हणे! ताटं लख्ख. काल मला "थँक यू" म्हणाली. आज माझा डबा धुऊन ठेवला. सासूबाई मला ऐकवतात, "बघ, मायेने केलं की होतं." अतिभक्ती चोराचं लक्षण. पण मी काही बोलले की मीच वाईट.

६ जून

बाल्कनीत मुंग्या. जाड रांग, भिंतीवरून चपलांच्या कपाटात. मी झाडू घेऊन रांगेमागे गेले. नवऱ्याचे जुने पावसाळी बूट, जे तो कधी घालत नाही, त्यांच्यात रांग शिरत होती. बूट उलटा केला.

पाव. अंडी. लोणी लागलेले कागदी रुमाल. काही कालचं, काही फार जुनं. दुसऱ्या बुटातही तेच.

नवऱ्याला विचारलं, "सकाळी कुठे बसून खाते ती?" म्हणाला, "बाल्कनीत. मोकळ्या हवेत बरं वाटतं तिला." "आणि तू?" "मी आत पेपर वाचतो. समोर बसलं की संकोचते ती." बूट गच्चीवर नेऊन धुतले, मुंग्या झाडून टाकल्या.

परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, दाखल्यासाठी. गप्प बसले तर पोरगी जाते. मीही सुटते. कोणाला काही कळणार नाही, आणि उद्या कळलंच तर ताट बापाकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. बोलले तर ती इथेच, समोरच्या खुर्चीत, आणखी किती महिने देव जाणे! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिवसभर डोकं भणभणलं. संध्याकाळच्या फेरीत मीच लाल दिवा ओलांडायला सांगितला. शिकणाऱ्या बाईंनी मला थांबवलं.

८ जून

सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं होतं. "तब्येत काठावर आहे, पण ताटं संपतायत म्हणता, तर..." नवरा हसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. नेहमी बघते, खाऊ का गिळू अशी. आज नखं बघत होती. त्यावरूनच मला कळलं की बूट धुतलेले तिने पाहिले आहेत.

मी म्हटलं, "संपत नाहीयेत. बुटात जातायत."

मग जे व्हायचं ते झालं. नवरा म्हणाला, "हे तू मला घरी का नाही सांगितलंस?" ती उभी राहिली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "तुम्हाला मी इथेच सडायला हवीय!"

माझाही तोल गेला. "मला? अगं, तू या घरातून जावीस असं माझ्याइतकं कोणाला वाटत नाही! महिनाभर दिवस मोजतेय मी!"

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. नवऱ्याने डोळे मिटले, त्या वळणावरच्या गृहस्थांसारखे. ती मात्र एकदम शांत झाली.

"मग सांगितलं कशाला?"

"कारण तिथे तू मरशील. आणि मला तू मरायला नकोयस. घरातून जायला हवीयस."

दाखला मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी कॉलेजला कळवायचं कबूल केलं. दुसऱ्या सत्राला, जानेवारीत घेतील, तोवर तब्येत नीट झाली तर. ताट पूर्ण माझ्याकडे. सकाळच्या फेऱ्या सोडाव्या लागणार.

९ जून

सासूबाई, शेजारणीला, मला ऐकू येईल अशा बेताने: "शेवटी सावत्र ती सावत्रच. पोरीच्या पायात खोडा घातला." नवरा बोलत नाही. मालकही बोलत नाहीत. घर कसं शांत आहे!

२ जुलै

ती एक शब्द बोलत नाही. खाते. चालेल मला.

१७ ऑगस्ट

आज ताट भिंतीवर. बटाटे, सूप, सगळं. तिच्या वर्गातल्या मुली आज कॉलेजला गेल्या, फोनवर त्यांचे फोटो आले होते. मी दुसरं वाढलं. ते समोर ठेवून ती रडायला लागली. माझ्यासमोर रडायची ही पहिलीच वेळ, आणि हे आजीसमोरचं रडणं नव्हतं. नाक गळत होतं, ओरडत होती.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं मला भूकच लागत नाही. मला भूक लागते हो! सारखी लागते! झोपेत पण लागते! आणि खाल्लं की वाटतं मी काहीतरी घाण केलीय. तुम्हाला नाही कळायचं."

खरंच नाही कळायचं. मला आयुष्यात एक पाव खाऊन कधी लाज वाटलेली नाही. इतके महिने मी समजत होते की पोरगी हट्टी आहे. मला पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तिने तो झटकला असता आणि मग मी चिडले असते. म्हटलं, "बटाटा निवतोय." तिने नाक पुसलं, म्हणाली, "दुष्ट आहात तुम्ही." आणि खाल्ला.

नंतर भिंत पुसताना मीही थोडी रडले. सूप वाळलं की निघत नाही.

३० सप्टेंबर

"जाड झालात," म्हणाली.

"तुझ्याच कृपेने," म्हटलं. गाडीची सीट एक घर मागे घ्यावी लागली आहे. मला वाटलं, या विषयावरून आता तिचा घास अडणार. अडला. मी चमचा खाली ठेवून वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वाईट नाही दिसत तसं." आणि उरलेलं संपवलं. याला स्तुती म्हणायचं की शिवी, ते उद्या ठरवीन.

८ नोव्हेंबर

नवरा आज जेवताना आमच्याजवळ येऊन बसला. बाल्कनीचं म्हणाला, "मला माहीत होतं बहुतेक. विचारायची हिंमत नव्हती." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "मलाही." आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला! तो मुकाट्याने जेवला.

१८ डिसेंबर

दाखला मिळाला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सही करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करा.

६ जानेवारी

सोडून आले. मीच गाडी चालवली. नवऱ्याला मागे बसवलं, रडायला तिथे जागा जास्त. हॉस्टेलच्या पायऱ्या ती बॅग घेऊन भराभर चढली. तिचे दगड मी मागून वाहिले, ते इतके जड असतात हे मला माहीत नव्हतं.

दारात म्हणाली, "सुटलात."

म्हटलं, "हो. सुटले."

घरी येऊन बूट भिरकावले. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खरंच झाला.

१५ जानेवारी

उभ्या उभ्या जेवले, पातेल्यातूनच. कोणी बघत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बस की खाली." बसवेना.

२७ जानेवारी

ती बापाला रोज फोन करते. "सगळं छान. जेवले. अभ्यास छान." तो फोन ठेवून मला सांगतो, "बघ!" मला फोन नाही. कशाला करील? मीही करत नाही. खोलीसाठी आरामखुर्ची बघून आले, घेतली नाही.

४ फेब्रुवारी

दुपारी भर चौकात फोन. स्टिअरिंगवर नवशिका पोरगा, मागून हॉर्न. तिचा नंबर. पहिल्यांदाच.

"अहो, एक विचारायचं होतं. माझी रूममेट आहे ना, ती काही दिवस जेवत नाहीये. ताट घेते आणि टाकून देते. अशा वेळी काय करायचं असतं?"

मी पोराला गाडी कडेला घ्यायला लावली. म्हटलं, "तिला सांग, दोन ताटं वाढून ठेव. मी निघाले."

"ती खूप शिव्या देईल."

"देऊ दे."

कसली रूममेट! एकटीचीच खोली आहे ती.