अगरबत्तीची भोकं

७ सप्टें., रविवार

पहिल्या बसने वारासिवनी. दिलीपच्या राइस मिलमागच्या पडीत जागेत पॅरामोटरचा सराव: पाठीवर पंख्याचं इंजिन, डोक्यावर दोऱ्यांनी बांधलेली कापडी विंग. आज इंजिन नाही, नुसती विंग. लांबलचक कापड वाऱ्यावर डोक्यावर उभं करायचं आणि पडू द्यायचं नाही. चौफेर धानाची खाचरं, इथल्या बांध्या, पाण्याने भरलेल्या. वर इंजिन बंद पडून त्यात उतरले तर पाठीवरच्या धुडासकट चिखलात. म्हणून धान कापून होईपर्यंत उडणं नाही. दिलीपला, माझ्या धाकट्या भावाला, हे सांगून माझा घसा बसला.

पण दि.ला सगळं येतं. ट्रॅक्टर येतो, ट्रक येतो, मिल चालवता येते, म्हणून हेही येतंच. "यात का हाय ताई? पळाचं अन् बटन दाबाचं." मी पुण्याकडे दोन सुट्ट्या घालवून शिकले, सरांच्या शिव्या खाल्ल्या, ते मूर्ख म्हणून. आज त्याने विंग उभी केली आणि स्वतःच्याच अंगावर पाडून घेतली. आत गुंडाळला गेला, ओरडत बसला. मी चहा संपेपर्यंत सोडवला नाही.

बघे नेहमीचेच. एकाने विचारलं, मॅडम, एवरेज कितना देती है? म्हटलं, तुम्हारे दिमाग से ज़्यादा. समाधानाने मान हलवून गेला.

१४ सप्टें., रवि.

बालाघाटला माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हा पसारा मावत नाही, म्हणून सगळं सामान मिलच्या ऑफिसात. धान तिथे उंदीर, म्हणून लोखंडी कपाट. आज उघडलं तर वर पापडांचे डबे. विंगच्या पिशवीत डांबरगोळ्या. कल्पनाने टाकल्या, दि.ची बायको. "साड्याइले टाकतो तशा टाकल्या, ताई." तिचा चेहरा इतका सरळ की रागावताही येईना. मग दि.वर रागावले.

त्यालाही कारण होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून तो डबा मी वेगळा ठेवते, वर लाल रंगाने लिहून. तो जागच्या जागी. पण इंजिनच्या टाकीतून साध्या पेट्रोलचा वास. पठ्ठ्या कबूल करेना. शेवटी म्हणे, जरासं चालवून पाह्यलं, आवाज कसा येते म्हणून. ऑइलशिवाय, म्हणजे इंजिन जाम होऊन कायमचं बसायचं. अर्धा दिवस पंखा काढ, कार्ब्युरेटर खोल, नळी धू. इंजिन वाचलं. बोटांचा वास सोमवारी शाळेतही जाणार नाही. स्टाफरूममध्ये नाकं मुरडली जातील. मुरडोत. त्यातल्या अर्ध्यांना स्कूटी स्टँडवर लावता येत नाही.

१६ सप्टें.

प्राचार्यांनी बोलावून विचारलं, विज्ञान की टीचर होकर ये सब? त्यांच्या मते विज्ञान पाठ्यपुस्तकात राहतं. त्यानंतर माझ्या वयाबद्दल, घर बसवण्याबद्दल. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. गेल्या जानेवारीत सकाळी वैनगंगेवर धुकं होतं, मी त्याच्या वर होते, आणि पायाखाली नदी आहे हे फक्त थंडीवरून कळत होतं. वर मला कोणी मॅडम म्हणत नाही. मला त्यासाठीच हवं असतं ते. ते प्राचार्यांना काय सांगणार.

२१ सप्टें., रवि.

मिलवर दसरा समितीचे अध्यक्ष. काळा चष्मा ऑफिसातही काढला नाही. मागणी अशी की रावण जळायच्या आधी मी मैदानावरून दोन चकरा मारायच्या आणि झेंडूची फुलं टाकायची. "मॅडम, बस दो चक्कर. पब्लिक पागल हो जाएगी."

समजावलं. मैदानाच्या तीन बाजूंनी विजेच्या तारा. खाली माणसांचं शेत पिकलेलं. परवानगी मिळणार नाही आणि मिळायलाही नको. संध्याकाळी वारा फिरतो. ते ऐकत होते, म्हणजे माझं बोलणं संपायची वाट पाहत होते. मग म्हणाले, डर लगता है तो बताइए. मी म्हटलं, हाँ, लगता है, आप जैसों से. चहा अर्धा टाकून गेले. दि. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. 

२५ सप्टें.

शाळेच्या कामाला निघाले, बस वारासिवनीच्या चौकात थांबली आणि बॅनर दिसलं. दि.चा फोटो, माझं हेल्मेट डोक्यावर, तेही उलटं. खाली: दिलीप भाऊ आसमान से करेंगे पुष्पवर्षा. शेजारी विमानाचं चित्र, कुठल्या तरी लढाऊ विमानाचं. तिथेच उतरले, शाळेचं काम तसंच राहिलं. फोन केला. "आता जबान देल्ली ताई. नाही उडलो तं नाक कापते माहं."

नाक. मैदानभर लोकांच्या जिवापेक्षा त्याचं नाक मोठं.

२८ सप्टें., रवि.

भांडण. मी सगळं पुन्हा सांगितलं, तारा, गर्दी, वारा. तो हसत होता. मग म्हणाला, पाहा. इंजिन पाठीवर, विंग मागे, धावला. पाय क्षणभर जमिनीवरून सुटले. खरंच सुटले. मग गुडघ्यांवर आपटला, पंख्याभोवतीची जाळी वाकली. उठला तो नाचत. कल्पना मोबाइलवर घेत होती.

 तोवर मला वाटत होतं की हा बढाया मारतोय. आता कळलं, हा खरंच उडणार. आणि एवढंच येतं त्याला, उडणं. वळणं येत नाही. उतरणं तर नाहीच.

कल्पनाला बाजूला घेऊन म्हटलं, थांबव त्याला. ती म्हणाली, "मी बोलली तं आयकतेत का ते? तुम्हीच पाहा ताई."  स्पार्क प्लग काढून नेऊ असं मनात आलं. पण तो प्लग बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. तो दुसरा लावेल आणि माझ्यावरच हसेल.

१ ऑक्टो., खंडेनवमी

मिलवर पूजा. दरवर्षीप्रमाणे मोटरीला हार, पट्ट्याला हळदकुंकू, वजनकाट्याला टिळा, ट्रकला लिंबू-मिरची. यंदा माझं इंजिनही रांगेत. पंख्यावर स्वस्तिक. ते मी पुसेन, पुसायला वेळ लागेल. आणि विंग. दि.ने ती कपाटातून काढून पाटावर ठेवली होती, घडी करून, वर नारळ. अगरबत्ती खोचायला मोटरीला भेग असते, ट्रकला बंपरची फट असते. विंगला काही नसतं. म्हणून अगरबत्ती घडीत खोचली.

वास आला तेव्हा भटजी आरती म्हणत होते. प्लॅस्टिक जळतं तसा. मी धावले. अगरबत्ती घडीत वाकून जळत होती. उघडून पाहिलं तर प्रत्येक थरात भोक, तुरीच्या दाण्याएवढं, काठ काळे. दि. ताम्हण हातात धरून उभा.

मला माहीत आहे काय करायचं असतं. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. ती माझ्या किटमध्ये आहे. अर्ध्या तासाचं काम, नंतर विंग आधीसारखीच.

मी म्हटलं, "गेली."

"म्हंजे?"

"म्हणजे गेली. ही आता उडायची नाही. वर फाटली तर माणूस दगडासारखा खाली."

दि. पाटासमोरच बसला. ताम्हण तसंच हातात. म्हणाला, "म्या मारली ताई तुही विंग." आणि रडू लागला, मिलच्या सगळ्या माणसांसमोर. त्याला रडताना मी शेवटचं पाहिलं ते तो लहान असताना. मी विंग गोळा करून कपाटात टाकली आणि कुलूप घातलं. किल्ली त्याच्याकडेच दिली. विश्वास दाखवायला.

२ ऑक्टो., दसरा

अध्यक्षांना त्याने ताप आला म्हणून कळवलं. फुलं पाण्याच्या टँकरवर उभं राहून टाकली, टँकरवाल्याच्याच अंगावर पडली. रावण एका बाजूने जळला, एका बाजूने नुसता धुमसला. पब्लिक घरी गेली. दि. मैदानात आलाच नाही.

घरी सोनं द्यायला आला. पाया पडला, मान वर केली नाही. मी आपट्याचं पान घेतलं. आत जाऊन चहा टाकला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. जिवंत आहे गाढव. बाकी काही का होईना.

१२ ऑक्टो., रवि.

वारासिवनीला गेले नाही. किटमधून काढून आणलेली चिकटपट्टी इथे टेबलाच्या खणात आहे. म्हणजे मनात आलं तर पुढच्या रविवारी जाऊन लावता येईल. धान कापून झालं की उडायचे दिवस.

पण कसं लावणार? त्याच्यादेखत लावली तर विचारेल. म्हणून ठरवलं, दिवाळीनंतर सांगायचं की पुण्याच्या सरांना विचारलं, दुरुस्त होते म्हणतात. तोवर राहू दे त्याला असंच. रोज फोन करतो, आवाज मऊ. "जेवली का ताई?" जन्मात विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मला न विचारता इंजिनची वाकलेली जाळी सरळ करून, घासून, तेल लावून ठेवली म्हणे. कल्पनाने सांगितलं. कोणी शिकवलं त्याला नम्रपणा? माझ्या एका खोट्याने.

२३ ऑक्टो., भाऊबीज

दि. आणि कल्पना आले. ओवाळलं. तो म्हणाला, "नवी विंग कवा घ्याची ताई? आपन दोघं मिळून घेऊ." मी सांगायच्या अगदी बेतात होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात कल्पनाकडे पाहून म्हणाला, पुढच्या दसऱ्याले दाखवतो अध्यक्षाले. परत आला मूळ पदावर. मी करंजी पुढे केली.

३० ऑक्टो.

परवापासून पाऊस. ऑक्टोबर संपत आला आणि असा. फोन केला तर दि. ओरडत होता, माझ्यावर नाही, माणसांवर. मिलच्या अंगणात लोकांचं धान उघड्यावर, ताडपत्र्या कमी पडल्या. फोन ठेवला. छत्री उघडून शाळेत गेले.

२ नोव्हें., रवि.

ऊन. चिकटपट्टी पर्समध्ये घालून गेले. आज सांगायचंच असं ठरवून.

फाटकातूनच दिसली. निळी आणि केशरी, धानाच्या ढिगावर पसरलेली, कडेने विटा ठेवलेल्या. ओली, चिखलाने माखलेली, मध्ये कुत्र्याच्या पायांचे ठसे. जवळ गेले. दोऱ्या नव्हत्या. सगळ्या कापलेल्या. बाजूला भरलेली पोती रचलेली होती, त्यांची तोंडं लाल-पिवळ्या बारीक दोऱ्यांनी आवळलेली. विंगच्याच.

दि. धावत आला. बऱ्याच दिवसांनी मान वर होती. "भोकं घडीत दाबली, पाण्याचा थेंब नाही गेला आत, ताई. ताडपत्रीपक्षा भारी निंघाली. अन् दोरी तं तुटतच नाही. तूच म्हनली होती ना गेली म्हनून, मंग म्हनलं वाया काहून जाऊ द्या." खुश होता. त्याने माझ्या विंगचा काहीतरी उपयोग केला म्हणून खुश होता. माझ्या मनावरचं ओझं कमी होईल असं वाटलं असणार त्याला.

भोकं चिकटवता येतात. दोऱ्या नाहीत, निदान अशा नाहीत. मी म्हटलं, बरं केलंस. कल्पनाने पोहे आणले. खाल्ले. बसस्टँडवर येऊन मग रडले, रुमाल तोंडावर धरून, लोकांना धुळीचा त्रास वाटावा म्हणून.

९ नोव्हें., रवि.

गेले नाही. जाऊन करायचं काय. दुपारी दि.चा मेसेज.

"पुन्याच्या सरले फोन केलतो. तुह्यासाठी नवीन विंग विचाराले, तुले न सांगता. ते म्हनले अगरबत्तीच्या भोकाले काई होत नाही, पट्टी लावाची अन् उडाचं. तुले माहीत होतं ना ताई? मंग काहून?"

उत्तरं तयारच असतात माझ्याकडे. तुझ्या नाकासाठी. तुझ्या बॅनरसाठी. तुझ्यासारख्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत कळतं. लिहिली आणि पुसली. मग खरं लिहिलं: तू तारांत अडकला असतास आणि मी खाली उभी असते. हे पाठवता आलं असतं. ते खरं आहे, आणि वाचून तो पुन्हा रडला असता, आणि प्रकरण मिटलं असतं.

पण दसरा दोन तारखेला संपला. पट्टी तीन तारखेला लावता आली असती. का नाही लावली? तारा नव्हत्या, गर्दी नव्हती. मान खाली घातलेला दि. मला आवडत होता. रोजचा तो फोन आवडत होता. त्यासाठी माझी विंग गेली, आणि त्याचे चार आठवडे गेले. मी आयुष्यभर या गावातल्या लोकांना हसले. आता हे त्याला कोणत्या तोंडाने पाठवू?

तेही पुसलं. निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार. मी वाचलंय हे त्याला कळलंय. तो लिहितोय असं वर दिसत राहिलं, मग थांबलं, मग पुन्हा.

"ताई हायेस का?"

मी "हौ" लिहून पाठवलं. त्याच्यापुढचं अजून लिहायचं आहे.