खुर्च्या बदलणारी मास्तरीण

हेडमास्तर,
सप्रेम म्हणवत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

तर आज सगळ्यांत आधी कोण आलं म्हणता? शिंपीणबाई, लेकीचा हात धरून! मागोमाग बेकरीवाला, पोरांसकट. 'वर्गात खेळ मांडते' म्हणून माझ्या नातीला शाळेच्या नोकरीवरून काढलंत ना, तोच खेळ शिकायला आले सगळे, आमच्या स्वयंपाकघरात.

धडा होता इंग्रजीतल्या पॅसिव्हचा, म्हणजे करणारा मागे आणि वस्तू पुढे. वाक्य 'आजी चहा पिते'. आधी मी पुढच्या खुर्चीवर, चहाचा कप मागच्या खुर्चीवर. नात म्हणाली, "आजी, ऊठ, आता कपाला पुढे बसू दे!" माझे गुडघे कुरकुरले, पोरं हसून लोळली, आणि इंग्रजीत उलटं वाक्य घडाघडा म्हणाली की हो! चहा मात्र गार झाला.

काढण्याआधी एकदा वर्गात डोकावला असतात, तर काय पाय मोडले असते? माझी पोर रडून रडून अर्धी झाली होती. आज पहिल्यांदा पोटभर जेवली.

आणि शेवटी दारात कोण? तुमची सूनबाई, तुमच्या नातीला घेऊन! "सासऱ्यांना सांगू नका हं, आजी." जीभ नुसती शिवशिवतेय, पण शब्द दिलाय. म्हणून हे पत्र उशीखालीच राहणार.

शुक्रवारी परत येतो म्हणालेत सगळे. तुमच्या घरचीसुद्धा.

तुम्ही काढलेल्या बाईंची
आजी