माझ्या मयताला आलेली माणसं

तीर्थस्वरूप अट्राक्टा मावशीस फिंटनचा साष्टांग नमस्कार. (पडल्या पडल्याच करतो आहे, हल्ली पडून राहण्याचा चांगला सराव झाला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात का? मी गेल्याची बातमी तुला रेडिओवरून कळली असेलच. ती खरी नाही. तू पाठवलेला केक मात्र पोचला, आणि चांगला होता.

झालं असं. बारा वर्षं हौशी नाटकांत भाला धरून उभा राहिल्यावर मला एकदाचा सिनेमा मिळाला. धडपडणाऱ्या नटांवरचाच, विनोदी. काढणारी डब्लिनची सोर्खा. तिच्याकडे कॅमेरा एक आणि मतं भरपूर. सगळं अस्सल हवं, म्हणून प्रत्येकानं स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच घरात काम करायचं. मी नायक. नायक पहिल्याच दृश्यात मरतो (हे मला होकार दिल्यावर कळलं) आणि बाकीचे नट त्याच्या मयताला जमून आपापली रडगाणी गातात. तरी सिनेमा तो सिनेमा. कुणीतरी मला पाहील आणि पुढं जिवंत माणसाचं काम देईल, एवढीच आशा होती.

गर्दी हवी म्हणून सोर्खानं वाण्याच्या काचेवर चिठ्ठी लावली: फिंटन गेराटी, गुरुवारी दोन वाजता, राहत्या घरी, काळे कपडे, चहा मिळेल. सिनेमा हा शब्द तेवढा लिहायचा राहिला. पोस्टातल्या नोरीननं ती वाचून रेडिओवरच्या मयतांच्या यादीत माझं नाव घालून दिलं. आपला लिट्रिम जिल्हा तुला माहीतच आहे. जिवंतपणी दार न वाजवणारी माणसं मेल्यावर रांग लावतात. दीडशे जण आले, सँडविचेस घेऊन. आईला सगळं ठाऊक होतं, पण सँडविचेस करून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं तिला जमत नाही.

मी शवपेटीत, कोपऱ्यात सोर्खाचा कॅमेरा चालू. जो तो आईचा हात दाबून "फार वाईट झालं गं" म्हणायचा आणि माझ्यावर वाकून खरं बोलायचा. माझ्या वर्गातला पॅकी डोलन (गुरं विकतो) म्हणाला, "म्हणे नट! माझी गाय बरी." नोरीन म्हणाली, "काही म्हण, इतकं मन लावून यानं कुठलंच काम केलं नव्हतं." (बारा वर्षांतली ही माझी एकमेव दाद.) तेवढ्यात आई रडायला लागली. अशी रडली की पॅकीनंही टोपी काढली. माझ्याच्यानं राहवेना. उठून बसलो आणि ओरडलो, "आई, अगं मी आहे!" नोरीन सँडविचेसवर कोसळली. पॅकी म्हणाला, "आडवा हो रे, मधे येतोयस. तिचं बघू दे." घरी कुणीच गेलं नाही; चहा तयार होता.

सिनेमा तयार झाला, सोर्खानं आम्हा काम करणाऱ्यांना आधी दाखवला. त्यात माझा डावा बूट दिसतो. बाकी सगळी आईच आहे. इतकं खोटं रडू आणलंस कुठून, असं तिला विचारलं, तर म्हणाली, "खोटं कसलं? तुझी बारा वर्षांची नाटकं आठवली." सगळे हसले. मला लागलं, मावशी.

तुझा (अजून तरी)
फिंटन

ता. क. पहिला खेळ शनिवारी, गावच्या सभागृहात. आईला तुझा हिरवा कोट हवा आहे.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे. पुढच्या सिनेमात आईला मुख्य काम मिळालं आहे, पडेल नटाच्या आईचं. मुलाचं काम कुणाला द्यायचं, हे सोर्खानं तिच्यावर सोपवलंय. तू थोरली, तुझा शब्द ती मोडत नाही. जरा माझ्यासाठी शब्द टाकशील का?

शेवटचा ता. क. आई मागं उभी राहून वाचते आहे. म्हणते, मावशीला उगाच त्रास देऊ नकोस, पॅकीचं ठरलंय.