इस्त्री लावू नकोस

सेनो,

वीज गेली तर हाताशी असावा म्हणून मी ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला दवाखान्यात चाललेय. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालू आहे, भात लावलाय.

आपल्याला चारच अँपिअर मिळतात. दोनशेवीस गुणिले चार, म्हणजे आठशेऐंशी वॉट. मशीन साडेतीनशे, कुकर चारशे, फ्रिज शंभर. उरले तीस. तुझी इस्त्री साडेतीनशेची. चुरगळलेला बाटिक शर्ट घालून लग्नाला गेलास तर कुणी मरत नाही.

त्याहून जास्त झालं की मीटरचं बटण पडतं आणि घरातली वीज जाते. ते बटण बाहेरच्या भिंतीवर आहे, बाबांना तिथवर जाता येत नाही.

काल तू म्हणालास, अख्ख्या गल्लीची वीज गेली होती. शेजारी टीव्ही चालू होता, सेनो. इस्त्री गरम होती. आणि निळ्या पडलेल्या ओठांनी बाबाही म्हणाले, "हो गं, गल्लीचीच गेली होती."

रेतनोताई