त्रेसष्टच्या नळ्या

७ जून १९९८
ठरलं. ऑगस्टमधल्या जुन्या कॉर्व्हेट गाड्यांच्या मेळाव्यात पहिलं बक्षीस माझंच. माझी '६३ची. मागची काच मधोमध दुभागलेली, ती फक्त त्याच वर्षी. '६४ला काच अखंड केली, बॉनेटवरच्या शोभेच्या जाळ्या काढल्या. '६५ला चारी चाकांना डिस्क ब्रेक. लोक याला सुधारणा म्हणतात. शेळपटपणा नुसता.

माझ्या गाडीत सगळं मूळ. ब्रेकच्या रबरी नळ्यासुद्धा पस्तीस वर्षांच्या. परीक्षक गाडीखाली झोपून बघतात. नवा भाग दिसला की गुण कापतात.

१४ जून
गॅरेजच्या फरशीवर थेंब. दव असावं.

१५ जून
दव तेलकट आहे. पुठ्ठा घातला.

२८ जून, रात्री
माझ्या बायकोचा, आर्लीनचा भाऊ ड्वेन जेवायला. मेकॅनिक आहे. मीटलोफ चावत तिच्यासमोरच म्हणाला, दाजी, नळ्यांना भेगा पडल्यात. तुमच्या त्रेसष्टला ब्रेक ऑइलची टाकी एकच. एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. नव्या नळ्या फुकट बसवून देतो म्हणे. स्वतः पिकअप चालवतो. गाढवाला गुळाची चव काय!

११ जुलै
ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबला, लागला. याला तंत्र लागतं. नव्या गाड्यांनी लोकांचे पाय बिघडवलेत.

१९ जुलै
चर्चच्या उतारावर तीनदा दाबावा लागला. थांबायच्या पाटीच्या अर्धी गाडी पुढे. रस्त्यात कुणी नव्हतं. आर्लीन डॅशबोर्ड धरून बसलेली. घरी आल्यावर म्हणाली, मर्ल, नळ्या बदल, नाहीतर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. मेळाव्यानंतर बदलतो म्हटलं. बदलणार नाहीये.

२ ऑगस्ट
चार वेळा. आज भीती वाटली. थोडीशीच. कुणाला सांगायचं कारण नाही. उद्यापासून दोन दिवस तळ्यावर, मासे धरायला. डोकं शांत होईल.

५ ऑगस्ट
परतलो. एका दाबात ब्रेक! कडक! जुन्या वस्तूंना विश्रांती मिळाली की त्या आपोआप सुधारतात. ड्वेनला मुद्दाम फोन करून ऐकवलं. बरं झालं दाजी, एवढंच म्हणाला. जळतोय. आर्लीनही मेळाव्याला यायला तयार. पटलं शेवटी तिला.

८ ऑगस्ट, सकाळ
डोंगर उतरताना वळणापलीकडे ओंडक्यांचा ट्रक आडवा. ब्रेकवर पाय मारला. गाडी थांबली. ओंडके काचेपासून हातभर. आर्लीनला म्हटलं, बघितलास त्रेसष्टचा माल? ती हसली. पर्स मात्र छातीशी घट्ट धरलेली.

संध्याकाळ
दुसरा नंबर. परीक्षक म्हणतो, ब्रेकच्या नळ्या नव्या आहेत, यंदाच्या. मी आवाज चढवला. आर्लीनने पर्समधून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, तू मासे धरत होतास तेव्हा ड्वेनने बदलल्या.
आत माझी मूळ नळी. मी ती जरा वाकवली. मोडली.

९ ऑगस्ट
परतताना आर्लीनने किल्ली मागितली. दिली. कालच्या त्याच वळणावर माझा उजवा पाय सारखा खाली दाबत होता. त्या बाजूला ब्रेक नसतो.