शिवडीवाल्यांनी ओंकारला मागितलंय

मस्कत, शुक्रवार संध्याकाळ

नाहीच पटत मला. कबड्डीची मॅच जिंकता येत नाही, म्हणून शिवडीवाले आमच्या डिलाईल रोडच्या टीममधला माझा धाकटा भाऊच न्यायला निघालेत. वरून त्याला गोदामात नोकरीही देतायत. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती भांडणं. बंड्या म्हणतो, "ओंक्या, गेलास तर परत चाळीत पाय ठेवू नको." पक्या म्हणतो, "मग तू देतोस काय रे त्याला नोकरी?" ओंकार सगळं वाचतो. शेवटी मीच फोन केला. म्हणाला, "दादा, फाटक्या बुटांनी खेळतोय, ते कोणी विचारलं?"

मी तरी कुठे विचारलं? पण नोकरीपुढे नवे बूट काय टिकणार? की मीपण बोलीच लावतोय? जायचं की नाही, त्याचं अजून ठरलेलं नाही. बुटांचे पैसे उद्या पाठवतोच. साडेचार हजार रुपये.