फोन उशिरा उचलण्याबद्दल

१४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, नवी खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. एवढंच आईला वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी.

दवाखान्यात माझ्या दारावर पाटी लागली, ‘समुपदेशक’. सफाईवाल्या मावशी मला ‘उपदेशक’ म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

गेल्या भेटीत तुम्ही डॉक्टरांच्या खोलीतून हसत बाहेर आलात, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. स्वतःच्या फुफ्फुसांचा फोटो बघून कोण हसतं? आमचे डॉक्टर कुणाला रागावत नाहीत. “सिगारेटमध्ये तुम्हाला काय आवडतं?” असं विचारतात आणि ऐकत बसतात. मला वाटलं, सिगारेट सुटली असं सांगून तुम्ही त्यांना गुंडाळताय आणि ते खुशाल गुंडाळून घेताहेत.

म्हणून मी चौकशी सुरू केली. आईला तुमच्या स्वेटरचा वास घ्यायला लावला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हल्ली येत नाहीत. मी लगेच ठरवलं, दुकान बदललंय. तुमच्या छापखान्यातल्या मुकादमकाकांनाही सोडलं नाही. शिवाय माझा फोन तुम्ही किती वेळ वाजू देता! मग उचलता, तेव्हा आवाज अगदी स्वच्छ. म्हणजे नक्की सिगारेट विझवत होतात, असं मी धरून चालले.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं की बाबा तुम्हाला फसवताहेत.

“मला नाही,” ते म्हणाले. “फसवत असतील तर तुला.”

“मी त्यांच्या भल्यासाठीच विचारते.”

“तू विचारत नाहीस, पकडतेस. पकडलेला माणूस पळायची वाट शोधतो, सिगारेट सोडायची नाही.”

घरातली पहिली पदवी माझी. ती मी माणसांना कोपऱ्यात गाठायला वापरतेय, हे ऐकून राग आला. त्याच रागात आईला फोन केला आणि बाबा फोन उशिरा का उचलतात ते खरं सांग म्हटलं. तिने बराच वेळ टाळाटाळ केली. मग म्हणाली, “तुझं नाव दिसलं की आधी बाथरूममध्ये जाऊन खोकून घेतात. छातीत आहे तेवढा कफ काढून टाकतात, मग बोलतात. तुला सांगू नको म्हणालेत.”

बाबा, दोन भेटींच्या मधली रुग्णांची खबर डॉक्टरांना मीच देते. तुमच्या त्या स्वच्छ आवाजावरून मी त्यांना खोकला कमी झालाय असं सांगून टाकलं होतं. सगळ्यावर शंका घेतली, नेमकी त्यावरच नाही. माझ्या शब्दावर त्यांनी तुमची तपासणी पुढे ढकलली. आज सकाळी त्यांना खरं ते सांगितलं. आता ती येत्या गुरुवारी आहे. याल ना? मी आत येणार नाही. तुम्ही त्यांना काय सांगता तेही विचारणार नाही.

तुम्ही अजून ओढता का, ही शंका गेलेली नाही. खोटं कशाला लिहू? पण ओढत असाल तर मला बघून विझवू नका.

हे फोनवर बोलायचं तर तुम्हाला पुन्हा आधी खोकून यावं लागलं असतं, म्हणून लिहिलं. रविवारी फोन करीन. लगेच उचला. खोकला आला तर खोका. मी ठेवणार नाही.

तुमची,
छोटी